आंधळीला खिडकी कशाला?

फोन स्मिताचा होता. स्मिता म्हणजे माझ्या बालमैत्रिणीची, शैलाची धाकटी भावजय. मी इथे मुलुंडला सकाळची मेथी निवडत बसले होते, आणि ती पलीकडून म्हणाली, "सुधाताई, आपल्या ताई गेल्या हो. सुटल्या बिचाऱ्या." पहिलं वाक्य माझ्यापर्यंत नीट पोचलंच नाही. दुसरं मात्र खाडकन लागलं. पुढे बोरीवलीला पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही तेच ऐकत होते. लिफ्टमध्ये कुणी म्हणालं, सुटली. दारातल्या बायका म्हणाल्या, सुटली, किती वर्षं अंधारात काढली हो. कशातून सुटली? आंधळेपणातून? अहो, आंधळेपणाशी शैलाचं केव्हाच जमलं होतं, तुमच्या-माझ्यापेक्षा झकास जमलं होतं. तिला ज्यातून सुटायचं होतं ते वेगळंच होतं, आणि त्यातून तिला सोडवणं त्या घरातल्या प्रत्येकाच्या हातात होतं... तिला जाऊन आता दीड-दोन महिने होतील. राग ओसरला की लिहू, असं ठरवून बसले होते. तो काही ओसरत नाही. तेव्हा आहे तसंच लिहिते.

शैला आणि मी बोरीवलीच्या एकाच इमारतीत वाढलो. तीन मजली इमारत, पुढे लांब सामायिक गॅलरी, अर्धी कुटुंबं आमच्यासारखी कोकणातून आलेली, अर्धी गुजराती. तिचे वडील गिरणीत होते, माझेही. लहानपणी खेळताना दिवेलागण झाली की शैला धडपडायची. कधी बादलीला अडखळायची, कधी उभ्या माणसाला. तिची आई तिला धांदरट म्हणायची आणि वर एक धपाटा घालायची. दहावीच्या सुमारास कुणीतरी शहाण्या माणसाने डोळे तपासून घ्यायला सांगितलं, तेव्हा कळलं की हा धांदरटपणा नव्हे, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं जातं, मग कडेकडेचं जातं, मग पुंगळीतून बघावं तेवढं मधलं उरतं आणि शेवटी तेही जातं. तिचं ते तिशी उलटल्यावर गेलं. तोवर तिने अंधेरीच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळवली होती आणि निवृत्त होईपर्यंत ती केली. साहेब लोकांना आवाजावरून ओळखायची. "सर, सर्दी झालीय, गोळी घ्या, मग मीटिंगला जा," असं थेट सांगायची. तिला कुणी बिचारी म्हटलेलं चालायचं नाही. आंधळी म्हटलेलं चालायचं. "आहेच मी आंधळी, त्यात लाजायचं काय? तू जाडी आहेस, तुला कुणी गोल माणूस म्हणतं का?" हे मला, भर लग्नाच्या पंगतीत.

लग्न विश्वासचं, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं. पोराने बराच उशीर लावून लग्न केलं. मुलीकडच्या कुणा काकांनी हळूच सुचवलं होतं की फोटोच्या वेळी ताईंना काळा गॉगल घालायला सांगा, बरं दिसतं. ती म्हणाली, "गॉगल उन्हापासून डोळे वाचवायला असतो. माझे डोळे बघायचं तुम्हाला होत नसेल तर तुम्ही घाला." काका जेवायचे राहिले. विश्वास तेव्हा पोट धरून हसला होता, हे मला चांगलं आठवतंय. ताईचा त्याला अभिमान होता. त्याच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं तिने घातली होती, शेवटी शेवटी तर नुसत्या बोटांनी चाचपून. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते दुष्ट माणसांनी केलेलं नाही. दुष्ट असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

जुन्या घरात शैलाची कॉट गॅलरीकडच्या खिडकीला लागून होती. पूर्वेची खिडकी, समोर नॅशनल पार्कच्या टेकड्या. सकाळी उठली की ती चहाचा कप घेऊन तोंड त्या खिडकीकडे करून बसायची. डोळे सताड उघडे. पाहुण्यांना वाटायचं, ही टेकड्या बघतेय. मी एकदा विचारलं, "शैले, काही दिसतं का गं?" म्हणाली, "दिसत नाही काही. काळंसुद्धा दिसत नाही. पण इथे बसलं ना की अंगाला कळतं, सकाळ झाली." मला वाटलं, ऊन चेहऱ्यावर येतं त्याचं कळत असेल, नाहीतर कावळे आणि दूधवाला. ते मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली असेल बाई, आणि चहा प्यायली.

ऊन नव्हे आणि कावळेही नव्हेत, हे आम्हाला फार पुढे कळलं. तिच्या डोळ्यांना खाज सुटली होती म्हणून मी तिला एका डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरीण आमच्या लेकीच्या वयाची. खाजेचं औषध लिहून दिल्यावर तिने सहज म्हणून खोलीतले दिवे घालवले आणि शैलाच्या डोळ्यात बराच वेळ प्रखर बॅटरी धरली. मला म्हणाली, "काकू, इकडे या, बाहुली बघा." मी बघितलं तर बाहुली अगदी सावकाश लहान होत होती. ज्या डोळ्याला सूर्य दिसत नाही तो डोळा उजेड आला म्हणून आक्रसत होता. मग तिने समजावून सांगितलं. पडद्यावर चित्र टिपणाऱ्या पेशी असतात, त्या शैलाच्या मेल्या होत्या. पण त्याच पडद्यावर थोड्याशा वेगळ्या मज्जापेशीही असतात. त्यांना चित्राशी देणंघेणं नसतं. त्या नुसता उजेड किती आहे ते मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात की दिवस उगवला, आता जागं व्हा, किंवा दिवस संपला, आता झोपा. या पेशी मोठ्या चिवट असतात. शेजारच्या पेशी मरतात, पडद्याची चाळण होते, तरी यांतल्या पुष्कळशा टिकून राहतात. सगळ्याच अंध माणसांच्या टिकतात असं नाही, पण तुमच्या टिकल्यात, ती म्हणाली. "झोप छान लागते ना? ती यांच्यामुळे. सकाळी उजेडात बसत जा मावशी. घरातल्या दिव्याने भागत नाही, दिवसाचाच उजेड लागतो. ते बंद करू नका."

त्या दिवसांत बोरीवलीच्या आमच्या जुन्या इमारतीशेजारची इमारत पाडायला रिकामी केली होती. रिक्षातून परत येताना शैला हसत सुटली. "सुधे, म्हणजे माझ्या डोळ्यांची ती बाजूची बिल्डिंग झालीय. भाडेकरू सगळे गेले. एक वॉचमन खुर्ची टाकून बसलाय, त्याला कुणी सांगितलंच नाही." पुढे कितीतरी दिवस ती खिडकीत बसताना म्हणायची, वॉचमनला चहा पाजते. घरातल्या मोठ्यांना हे माहीत होतं. विश्वासला माहीत होतं, स्मितालाही. हे मुद्दाम दोनदा लिहिते.

मग आमच्या इमारतीचीही पाळी आली. पाडली, टॉवर उभा राहिला, चावी मिळाली. वास्तुशांतीला मी गेले होते. विश्वास मला हात धरून ताईची खोली दाखवायला घेऊन गेला, इतका त्याला आनंद झाला होता. दाराला उंबरठा नाही, ताई अडखळू नये म्हणून. भिंतीला धरायला दांड्या. एसी. लागूनच स्वतंत्र बाथरूम, त्यात खरखरीत फरशी. जाड गादी. बोलणारं घड्याळ, बटण दाबलं की वेळ सांगणारं. कौतुकच वाटावं असं सगळं होतं, आणि मी केलंही. त्या खोलीला खिडकी नव्हती. बिल्डरच्या नकाशात ती सामानाची खोली होती, घराच्या पोटात. बाकी दोन खोल्यांना खिडक्या. त्यातली एक विश्वास-स्मिताची, आणि पूर्वेची, टेकड्यांसमोरची, ईशाची. ईशा त्यांची उशिरा झालेली एकुलती एक. तिला अभ्यासाला उजेड हवा, हे उघडच होतं. आणि ताईंना काय... ते वाक्य कुणी पूर्ण केलं नाही. करायची गरजच नव्हती. शैलाही तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मला बाथरूमसकट खोली दिली." सगळे हसले. मीही हसले.

दोनेक महिन्यांत भर दुपारी चारला तिचा फोन आला. "काय गं, उठलीस का? चहा झाला?" मला वाटलं, मस्करी करतेय. मी म्हटलं, "शैले, दुपारचे चार वाजलेत." पलीकडे घड्याळाचं बटण दाबलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "ते घड्याळ पण असंच काहीतरी सांगतंय. मी म्हटलं बिघडलं असेल." त्यानंतर हे वाढत गेलं. रात्रभर टक्क जागी, दिवसा जेवताना ताटावर डुलक्या. मग काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा सगळं उलटं. दिवसा झोपते म्हणून स्मिता कंटाळायची, रात्री चाचपडत फिरते म्हणून विश्वास. त्यांच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, आज वार कोणता? तिला सांगता आला नाही. कसा येणार? वार सांगायला आधी दिवस कळावा लागतो. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे विसर पडायला लागलाय, आणि झोपेची गोळी दिली. ती घेतली की शैला शुद्धीत असल्यासारखी वाटायची नाही. फोनवर जीभ जड. बँकेतल्या शंभर माणसांचे एक्स्टेन्शन नंबर पाठ असलेली बाई "विसराळू" झाली, आणि सगळ्यांनी ते किती चटकन मान्य केलं.

मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं तशी मी उठून बोरीवली गाठली. शैला खोलीत पलंगावर बसली होती. दार लोटलेलं, आत मिट्ट काळोख, बाहेर लख्ख दुपार. मी भिंतीवर बटण शोधून दाबलं. काही झालं नाही. वर बघितलं तर होल्डर रिकामा. बल्ब लावलेलाच नव्हता. कधीच. दिव्याने भागलं नसतं हे मलाही कळतं, मी काही अडाणी नाही. पण तो रिकामा होल्डर बघून माझं डोकं फिरलं. मी स्मिताला हाक मारली.

"अगं, इथे बल्ब नाही?"

"तिथे कशाला?" स्मिता इतक्या साधेपणाने म्हणाली की मला क्षणभर माझंच काही चुकलं असं वाटलं. "ताईंना काय उपयोग त्याचा? आणि बाई येते ना, ती मोबाईलची बॅटरी लावून झाडते."

मी तिथल्या तिथे सगळं पुन्हा सांगितलं, पडदा, पेशी, घड्याळ. स्मिताने मान डोलावली. आजारी माणसाच्या बडबडीला डोलवतात तशी. विश्वास संध्याकाळी आला, त्यालाही सांगितलं. मी म्हटलं, "पूर्वेची खोली ताईला दे. नाहीतर नुसती सकाळची तिथे बसू दे." तो म्हणाला, "सुधाताई, ईशाची बारावी आहे गं. एवढी बारावी होऊ दे, मग बघू ना आपण." मी ईशाच्या खोलीत डोकावले. पूर्वेची ती मोठी खिडकी, आणि तिच्यावर जाड पडदा ओढलेला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चमक येते म्हणून. पडद्यामागे ऊन वाया चाललं होतं, आणि भिंतीपलीकडे शैला अंधारात बसली होती. पोरीचा मला राग नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

शैलाशीही मी भांडले. सोडते की काय. म्हटलं, "जगाला तोंडावर बोलतेस, आणि घरात खिडकी मागायला तुझी जीभ रेटत नाही? अर्धं घर तुझं आहे. वडिलांच्या खोलीवर उभं राहिलंय हे." मालवणी ती फक्त फार राग आला किंवा फार दुखलं तरच बोलायची. हळूच म्हणाली, "हसतले गो माका. आंधळ्याक खिडकी कशाक, म्हणतले." काळा गॉगल नाकारणारी शैला हे म्हणत होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

त्यानंतर स्मिता आठवडाभर माहेरी गेली आणि ताईंजवळ कुणीतरी हवं म्हणून मला बोलावलं. मी रोज सकाळी शैलाला खाली टॉवरच्या बागेत घेऊन गेले. चहा थर्मासमधून. बाकावर पूर्वेकडे तोंड करून बसायचो, टेकड्यांवरून सूर्य चांगला वर येईपर्यंत. गोळी विश्वासला विचारून बंद केली. पहिले काही दिवस ती बाकावरच पेंगायची. मग हळूहळू रात्रीची झोप लागायला लागली. आठवडा संपता संपता सकाळी माझ्या आधी उठून बसली आणि विश्वासला म्हणाली, "काल पोह्यात मीठ नव्हतं आणि परवा जास्त होतं. ऑफिसातही असंच काम करतोस का रे?" विश्वास हसला, डोळे पुसत हसला. मला वाटलं, जिंकलो. आता कुणाला काही पटवायचं उरलं नाही. डोळ्यांसमोर आहे सगळं.

स्मिता आली आणि बागेत जाणं बंद झालं. मी फोनवर खूप बोलले. ती म्हणाली, "सुधाताई, तुमचं प्रेम कळतं हो. पण त्या खाली पडल्या-बिडल्या तर जबाबदारी कुणाची? घरात सुरक्षित आहेत. एसी आहे." मुलुंडहून बोरीवली रोज गाठणं माझ्याकडून होण्यासारखं नव्हतं. जमेल तेव्हा जायचे. एकेका सकाळीने काय होणार? गोळी परत सुरू झाली. आणि शैला पडलीच. बागेत नाही. त्या सुरक्षित खोलीत, त्या खरखरीत फरशीच्या बाथरूमच्या दारात, सकाळी अकरा वाजता, गोळीच्या गुंगीत. जुन्या घरात एवढ्या वर्षांत, पायाखाली पाट, पाटा, पोरं असं काय काय असताना ती एकदाही पडली नव्हती. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात जिथे ठेवलं तिथे रात्रंदिवस पांढरे दिवे, सकाळ-संध्याकाळ काही नाही. छातीत कफ साठला. मला शेवटचं ओळखलं तेव्हा विचारलं, "सकाळ आसा काय गो?" मी हो म्हटलं. खरंच सकाळ होती.

महिना झाल्यावर स्मिताने जेवायला बोलावलं. जायचं नव्हतं, पण शैलासाठी गेले. जेवण झाल्यावर स्मिता मला शैलाच्या खोलीत घेऊन गेली. पलंग काढून टाकला होता. टेबलावर शैलाचा फोटो, बँकेतल्या निरोपाच्या दिवशीचा, ताजा हार घातलेला. आणि खोली उजळलेली. वरच्या होल्डरमध्ये बल्ब होता. फोटोसमोर आणखी एक छोटा दिवा, विजेचा.

"दिवसरात्र चालू ठेवलाय," स्मिता म्हणाली. ती मनापासून बोलत होती, त्यात खोटं काही नव्हतं. "वर्षभर ठेवणार आहोत. त्यांना अंधारात कसं ठेवायचं हो?"

मी मागे वळून बघितलं. विश्वास दारात उभा होता आणि खाली उंबरठा नसलेल्या जमिनीकडे बघत होता. स्मिता चहा टाकायला आत गेली. मी त्याला म्हटलं, "कळलं तुला, ती काय बोलली ते?"

"हो."

"आज कळलं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. "तू आलेलीस ना त्या आठवड्यात. ताई मिठावरून बोलली... तेव्हाच कळलं होतं."

मग बागेत जाणं बंद झालं तेव्हा तो आडवा का आला नाही? ईशाची परीक्षा, स्मिता काय म्हणेल, आज नको उद्या बघू, यांतलं काय होतं ते मला माहीत नाही, आणि आता मला जाणूनही घ्यायचं नाही. ज्या बाईला कळलं नाही तिच्यावर मी महिनाभर जळत होते. ज्याला कळलं होतं तो माझ्या शेजारी बसून जेवला होता.

चहा न घेताच मी निघाले. स्मिता बाहेर आली, माझ्या चेहऱ्याकडे बघून गोंधळली. तिला वाटलं, विजेचा दिवा मला खटकला असेल, समईच लावायला हवी होती. म्हणाली, "काय झालं सुधाताई? बंद करू का तो?"

"नको," मी म्हटलं. "वर्षभर चालू ठेव. विश्वासला दिसतं."